राजगड ते रायगड : पायीं प्रवासाची आंखणी

चार-पांच दिवस डोंगरांत पायीं हिंडावयाचें ठरलें म्हणजे शहरांतील मंडळी प्रथम सामानाची यादी करूं लागतात. वास्तविक यादीचें काम अगदीं शेवटचें. रोज किती वेळ चालणें होईल, पाणी कोठें मिळेल आणि कोणी आजारी पडल्यास वाट सोडून मोटाररस्त्यावर कोठून उतरतां येईल, हें आधीं कागदावर आलें पाहिजे. राजगडाहून तोरण्यास, तेथून मोहरीच्या पठारास आणि पुढें लिंगाण्याजवळून कोंकणांत उतरून रायगडास जाणारा मार्ग उदाहरणादाखल घ्यावा. शिवाजीमहाराजांच्या पहिल्या राजधानीपासून, १६७४ सालीं जेथें त्यांचा राज्याभिषेक झाला त्या दुसऱ्या राजधानीपर्यंत हा मार्ग जातो. २०२५ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत नोंदलेल्या बारा दुर्गांत हे दोन्ही गड आहेत.

वेळेचा अंदाज करतांना नकाशावरील अंतर फार फसवितें. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानें १८९२ सालीं एक सोपा हिशेब सांगितला : दर तीन मैलांस एक तास आणि शिवाय दर दोन हजार फूट चढास आणखी एक तास. गुंजवण्याहून राजगडाचा चढ सुमारें दोन हजार फुटांचा व वाट दोन-तीन मैलांची. म्हणजे नेस्मिथच्या मतें दोन तास पुरेत. पण हा हिशेब विसाव्याचा, पाठीवरच्या ओझ्याचा किंवा आपल्याकडील उन्हाचा नाहीं. शिवाय सह्याद्रींत उतारावर घसारा असतो. त्यामुळें उतरतांना वेळ वांचेल ही आशाहि व्यर्थ. म्हणून आलेल्या उत्तराची दीडपट करावी, आणि तीहि मंडळींत जो सर्वांत सावकाश चालतो त्याच्या पायांनीं मोजावी. तरुण मुलें पुढें पळतात आणि वडील मंडळी मागें एकटीं पडतात, ही व्यवस्था मुळींच चांगली नव्हे.

ऋतूची निवड पाण्यावर ठरते. जून ते सप्टेंबर धुकें आणि निसरडे खडक. ऑक्टोबरांत गवत डोक्याइतकें वाढून पाऊलवाटा झांकलेल्या, वर कडक ऊन. मार्चपासून ओढे कोरडे. नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीपर्यंतचा काळ सर्वांत बरा. तथापि या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो व कड्याच्या सांवलींत अंधार त्याहूनहि लवकर पडतो, हें विसरूं नये.

पहिला मुक्काम राजगडावर होतो. पद्मावती माचीवर देऊळ आहे, पाण्याचीं टांकीं आहेत. गडावर राहण्याविषयींचे नियम बदलत असतात. ते निघण्यापूर्वींच विचारून घ्यावे आणि मुक्कामास मनाई असल्यास पायथ्याच्या गांवीं राहून बेत एक दिवसानें वाढवावा. दुसरा दिवस खरी परीक्षा घेतो. संजीवनी माचीच्या अळू दरवाजानें बाहेर पडून डोंगरधारेनें तोरण्याच्या बुधला माचीस जावयाचें. वाट सहा-सात तासांची आणि वाटेंत पाण्याचा भरंवसा नाहीं. प्रत्येकाजवळ निदान तीन लिटर पाणी असावें, व सकाळीं सातच्या आंत गड सोडावा. मधल्या खिंडींत ही वाट डांबरी रस्त्यास छेदते. तेथपर्यंत दुपारीं बारापूर्वीं पोंचलें नाहीं, किंवा निम्म्याहून अधिक पाणी संपलें, तर तोरण्याचा चढ त्या दिवशीं घेऊं नये. रस्त्यानें खालीं उतरून गांव गांठावें. हा निर्णय घरीं बसूनच घेऊन ठेवावयाचा असतो. तहानलेल्या, थकलेल्या मंडळींत खिंडींत उभें राहून मतें घेऊं लागलें म्हणजे ‘आतां थोडेंच राहिलें’ असें म्हणणाराच नेहमीं जिंकतो. संध्याकाळच्या अंधुक प्रकाशांत त्या माचीच्या अवघड चढणीवर लहान मुलांसह अडकणें ही काय गोष्ट आहे, याची त्यास कल्पना नसते.

तोरण्याची उंची सुमारें ४,६०० फूट. मेंगाईच्या देवळाजवळ रात्र काढून तिसऱ्या दिवशीं भट्टी गांवाकडे उतरावें. मोहरी व सिंगापूरपर्यंतची ही चाल लांब आहे, पण अवघड नाहीं.

चौथ्या दिवशीं मात्र वाटाड्यावांचून निघूं नये. घांटमाथ्यावरून कोंकणांत उतरणाऱ्या येथील वाटा म्हणजे नाळी; पावसाळ्यांतील लोंढ्यांनीं कोरलेल्या, मोठमोठ्या धोंड्यांनीं भरलेल्या अरुंद घळी. बोराट्याची नाळ लिंगाण्याच्या खिंडीजवळून जाते. ती भव्य खरी, पण अवघड. कुटुंबवत्सल प्रवाशानें त्यामानानें सुकर अशी सिंगापूरची नाळ धरावी. मोबाईलवरील नकाशांत घळ एका रेषेइतकी दिसते. दरड कोसळून वाट फिरली असेल तर तें नकाशास ठाऊक नसतें, गांवकऱ्यास असतें. दऱ्यांतून पुष्कळदां संदेशाची सोयहि नसते. वाटाड्याची मजुरी व गांवांतील पिठलें-भाकरीचे पैसे आधीं ठरवून पुरे द्यावे. घासाघीस करूं नये. नाळेंत एकामागून एक चालतांना वरच्याच्या पायानें सुटलेला धोंडा खालच्यावर येतो, म्हणून सर्वांनीं जवळजवळ राहावें. अंतर पडलें म्हणजे धोंड्यास वेग येतो.

कड्याकपारींत आग्या मोहोळें असतात. त्यांच्या आसपास धूर, आरडाओरड व उग्र अत्तरें वर्ज्य.

ओझें आठ-नऊ किलोंहून अधिक नसावें. नवे बूट त्या दिवशीं प्रथम घालूं नयेत. महिनाभर आधीं पायांत रुळलेले असावेत. विजेरी प्रत्येकाची वेगळी, आणि रजा ठरलेल्या बेताहून एक दिवस जास्त. हा जादा दिवस नसला म्हणजे माणूस ताप आला असतांहि चालत राहतो.

दापोली, वाघेरी, छत्री निजामपूर या बाजूनें रायगडाचा पायथा गांठल्यावर पांचव्या दिवशीं गडावर जावें. पाय थकले असतील त्यांस रोपवेनें जातां येतें. जगदीश्वराच्या देवळापलीकडे पूर्वेस पाहिलें तर लिंगाण्याचा सुळका समोर उभा असतो, आणि हवा स्वच्छ असल्यास त्याच्यामागें क्षितिजावर तोरणा व राजगड दोन्ही ओळखतां येतात. परत उतरून महाडास आलें म्हणजे एस. टी. मिळते.