नागरी निधीसाठी प्रतिनिधित्व (वाशिम जिल्हा)

वाशिम जिल्ह्यातील नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या वतीने शासनाकडे धोरण व निधी यांविषयी बाजू मांडण्याचे काम मुख्यतः जिल्हा नियोजन समिती, राज्याचा नगरविकास विभाग आणि वित्त आयोग यांच्या माध्यमातून चालते. वाशिम, कारंजा, रिसोड व मंगरूळपीर येथे नगरपरिषदा, तर मालेगाव व मानोरा येथे नगरपंचायती आहेत. जिल्ह्यात महानगरपालिका नाही.

ही उणीव दिसते त्याहून मोठी आहे. महानगरपालिकांना अखिल भारतीय महापौर परिषदेचे व्यासपीठ मिळते. अमेरिकेतील परगण्यांची राष्ट्रीय संघटना १९३५ पासून कार्यरत असून तिच्यात मोठ्या नागरी परगण्यांचा वेगळा गट आहे. वाशिममधील लहान शहरांना मात्र वैधानिक समित्यांवरच विसंबावे लागते.

जिल्हा नियोजन समिती

७४व्या घटनादुरुस्तीनुसार या समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नगरपरिषदांचे निर्वाचित सदस्य आपल्यातून निवडतात. जागांची वाटणी ग्रामीण व नागरी लोकसंख्येच्या प्रमाणात होते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या ११,९७,१६० लोकसंख्येपैकी नागरी वाटा सुमारे १८ टक्केच असल्याने समितीत शहरांचे संख्याबळ मुळातच अल्प ठरते. पालकमंत्री समितीचे अध्यक्ष, तर जिल्हाधिकारी सदस्य सचिव असतात.

सदस्यत्व निर्वाचित पदाशी बांधलेले असल्यामुळे निवडणुकांतील खंड थेट प्रतिनिधित्वावर आघात करतो. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास किसनराव गवळी प्रकरणात वाशिमसह काही जिल्हा परिषदांतील इतर मागासवर्गीय आरक्षणाच्या जागांवरील निवडी रद्द ठरविल्या. वाशिममध्ये रिक्त जागांसाठी ५ ऑक्टोबर २०२१ रोजी पोटनिवडणूक झाली. पुढे याच प्रश्नावरून राज्यभर स्थानिक निवडणुका लांबल्या. प्रशासकांच्या काळात शहरांची मागणी प्रामुख्याने प्रशासकीय पत्रव्यवहारातूनच पुढे जाते.

अनुशेषाचा आधार

विदर्भाच्या मागण्यांमागे अनुशेषाचा युक्तिवाद असतो. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला व त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के होता. तेव्हा वाशिम अकोला जिल्ह्याचा भाग होता. १ जुलै १९९८ रोजी नवा जिल्हा झाला, म्हणजे मूळ मोजणीत त्याचे नावच नव्हते. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विदर्भ वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपल्याने बाजू मांडण्याचे आणखी एक दार बंद झाले.

२०१८ मध्ये वाशिमचा समावेश आकांक्षित जिल्ह्यांत झाला. त्यातील क्रमवारी आरोग्य व पोषण, शिक्षण, शेती व जलसंपदा, वित्तीय समावेशन व कौशल्यविकास आणि पायाभूत सुविधा या पाच क्षेत्रांवर ठरते. शहरी सेवांसाठी त्यात स्वतंत्र क्षेत्र नाही.

वित्त आयोगाच्या अटी

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरांचे ६० टक्के अनुदान पाणीपुरवठा व स्वच्छतेसाठी बांधून दिले. लेखापरीक्षित हिशेब सार्वजनिक करणे आणि मालमत्ता कराचे किमान दर निश्चित होणे, या अटीही घातल्या. परिणामी निवेदनापेक्षा कागदपत्रांचे वजन वाढले. वाशिम शहराला एकबुर्जी प्रकल्पातून पाणी मिळते. अशा नागरी पाणी योजनांच्या मोठ्या कामांसाठी सविस्तर प्रकल्प अहवाल आणि महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची तांत्रिक मान्यता लागते. पुरेसा अभियंता वर्ग नसलेल्या नगरपंचायतीचा प्रस्ताव बहुधा याच टप्प्यावर अडतो.