सागवानाशी गाठ असलेली पटाशी

१६५७ साली कल्याण-भिवंडीचा मुलूख शिवाजी महाराजांच्या अंमलाखाली आला आणि तेथील खाडीवर मराठ्यांच्या आरमाराची जहाजे आकारास येऊ लागली. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, आरमारासाठी सागवानासारखे वृक्ष तोडावयाचे तर हुजूरची परवानगी घेऊनच तोडावेत, असा दंडक घालून देण्यात आला. एवढी त्या लाकडाची योग्यता राज्यकर्त्यांनी ओळखली होती. शहापूर-मुरबाडकडच्या रानांत हाच साग आजही उभा आहे. त्याच्या अंगचे तेल लाकडाला टिकाऊपणा देते खरे, परंतु त्याच्या पेशींत वाळूच्याच जातीचे, म्हणजे सिलिकेचे, सूक्ष्म कणही असतात, आणि हे कण हत्याराची धार अल्पावधीत बोथट करतात. म्हणून ठाणे, कल्याण किंवा डोंबिवली येथे राहून हाताने सांधे घडविण्याची ज्याला हौस आहे, त्याने पटाशी पारखताना सागवानच डोळ्यांपुढे ठेवावे.

जुन्या वाड्यांतील तुळया आणि चौकटी खिळ्यांवर विसंबून नसत. एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या भोकात घट्ट बसवीत, कारण खाडीकाठच्या दमट हवेत लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि या चढउतारात खिळ्याचे भोक सैल होत जाते, तर नीट बसलेले कुसू आपल्या जागी राहते. आजचे यंत्र भोकातला बहुतेक भाग झटक्यात कोरून काढील. परंतु गोल फिरणारे पाते कोपरा गोलच ठेवते. तो काटकोनी करावयाचा तर पटाशीच हाती घ्यावी लागते.

दुकानात बहुतेक गिऱ्हाइके मुठीची चकाकी आणि पुढची उतरती बाजू न्याहाळतात, आणि पाठीकडे दुर्लक्ष करतात. माझ्या मते खरी परीक्षा पाठीचीच आहे, कारण धार म्हणजे दोन पृष्ठांची सीमारेषा होय, आणि त्यांतले एक पृष्ठ उंचसखल असेल तर दुसऱ्यावर कितीही मेहनत घेतली तरी धार सरळ येत नाही; शिवाय सांध्याची भिंत तासताना हीच पाठ लाकडाला टेकून वाट दाखवीत असते. पाठीवर पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहावे. मधोमध किंचित खोलगटपणा दिसला तर तो चालतो (जपानी पटाश्यांची पाठ तर मुद्दामच खोलगट घडवितात). परंतु धारेजवळ फुगवटा असेल तर ती पटाशी परत करावी. भंगार बाजारात मिळणारी जुनी शेफील्डची पटाशी पुष्कळदा नव्या मालाहून सरस निघते. मात्र तिच्या पाठीवर धारेलगत गंजाचे खोल खड्डे असतील तर तिचा मोह धरू नये.

पोलादाच्या पाण्याची पारख याहून बिकट आहे. उत्तम पोलाद लाल तापवून झटकन थंड करतात, आणि मग सुमारे २३० अंशांपर्यंत पुन्हा तापवून, वाळल्या गवतासारखा पिवळा रंग पृष्ठावर आला की थांबतात. ही दुसरी उष्णता कमी पडली तर धारेचे कण उडतात, जास्त झाली तर धार वळते. डोळ्यांनी हे कळत नाही. सबब पूर्ण संच एकदम घेण्याऐवजी प्रथम एकच अर्ध्या इंचाची पटाशी घ्यावी, सागवानाच्या टोकाकडचा आडवा छेद तिने तासून पाहावा, आणि धार भिंगाखाली न्याहाळावी. धार लावताना विजेच्या सहाणेवर पाते निळे पडले तर पाणी उतरले असे समजावे. तेवढा भाग घासून टाकण्यावाचून इलाज नाही.

डव्हटेलसारख्या तिरकस सांध्यांसाठी कडा उतरत्या असलेली पटाशी हवी. खोल भोकासाठी मात्र जाड पात्याचे किकरेच योग्य, कारण मोगरीचे घाव आणि आतला चुरा उचकटण्याचा ताण पातळ पात्याला सोसत नाही. तासण्याच्या पटाशीचा उतार पंचवीस अंशांचा आणि धारेवरचा अखेरचा हात तीस अंशांचा ठेवल्यास सागावर काम बरे चालते. पाव, अर्धा, पाऊण आणि एक इंच एवढ्या चार पटाश्या आणि एक किकरे यांवर घरगुती कामाचा बहुतेक पसारा निभावतो. उरलेला पैसा धार लावण्याच्या चांगल्या दगडावर खर्चावा, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत प्रत्येक पात्याला तेलाचा हात फिरवूनच ते पेटीत ठेवावे.