भूतान : मोजकेच पाहुणे

भूतानने परदेशी पर्यटकांना दार उघडले १९७४ मध्ये, तेही बेताने. गर्दी नको, पण येणाऱ्याने देशाच्या तिजोरीत भर घालावी, हे धोरण तेव्हापासूनचे. शाश्वत विकास शुल्क हा त्याचा कणा. त्यातून मोफत शिक्षण, आरोग्यसेवा आणि वनरक्षणाला हातभार लागतो. किमान ६० टक्के भूमी जंगलाखाली राखण्याचे बंधन तिथल्या राज्यघटनेतच आहे. शिखरे पवित्र मानली जात असल्याने गिर्यारोहणावर २००३ पासून पूर्ण बंदी आहे. ७,५७० मीटर उंचीचे गांगखर पुएन्सुम शिखर आजही कुणी सर केलेले नाही. पर्यटनाच्या मोहापुढे श्रद्धेला झुकू न देणारा देश विरळाच!

मात्र हा तोल सांभाळणे सोपे नाही. कोविडनंतर, सप्टेंबर २०२२ मध्ये, शुल्क रात्रीला ६५ डॉलरवरून थेट २०० डॉलर झाले. पर्यटक रोडावले, हॉटेलवाले आणि गाइड अडचणीत आले. वर्षभरातच ते १०० डॉलरवर आणावे लागले. शुल्क असावे, पण असे एका झटक्यात तिपटीने वाढवणे चूकच होते.

भारतीयांना हे शुल्क माणशी रात्रीला १,२०० रुपये आहे. सहलीचे अंदाजपत्रक मांडताना ते जरूर धरा आणि भरताना कुरकुर करू नका.