भग्नोत्सृष्ट सेतु

पुण्याच्या मंडईची मुख्य इमारत इ. स. १८८६ सालची. तिच्या शिल्पाचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. परंतु ज्या वाटांवर ही मंडई जगली, त्या वाटांवरील लहान पुलांकडे अभ्यासकांचें लक्ष क्वचितच जातें. गाळ्यावरची भाजी तेथें पोहोंचण्यापूर्वीं कोठें तरी ओढा किंवा नदी ओलांडून आलेली असते. असा एखादा गांवचा जुना पूल 'धोकादायक' म्हणून बंद झाला, तर त्याचें पुढें काय करावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत योजिला आहे.

प्रथम शब्दाकडे पाहूं. 'सेतु' हा शब्द 'सि', म्हणजे बांधणें, या धातूपासून झाला आहे. जुन्या ग्रंथांत त्याचा अर्थ बांध, धरण, पूल असा व्यापक आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील धर्मस्थीय अधिकरणांत तलाव व सेतुबंध यांविषयीं करमाफीचा नियम आहे. नवें काम करणारास ५ वर्षें, मोडून टाकून दिलेलें काम सुधारणारास ४ वर्षें आणि झाडोऱ्यानें व्यापलेलें काम साफ करणारास ३ वर्षें माफी सांगितली आहे. यांपैकीं मधल्या प्रकारास तेथें 'भग्नोत्सृष्ट' म्हटलें आहे. तो नियम जलाशयांच्या कामांचा आहे हें खरें. तथापि मोडलेल्या कामाची स्वतंत्र वर्गवारी करून त्याची तजवीज आधींच ठरवावी, ही दृष्टि आमच्या प्रश्नास तंतोतंत लागू पडते.

ही तजवीज नसली म्हणजे काय होतें, तें मावळांत दिसलें. इंदोरीजवळ कुंडमळा येथें इंद्रायणीवर सुमारें ३० वर्षांपूर्वींचा अरुंद लोखंडी पूल होता. दोन्ही तीरांच्या शेतकऱ्यांच्या सोयीसाठीं तो झाला. पुढें तो गंजला. धोक्याचा फलक लागला. नव्या पुलासाठीं पैसाही मंजूर झाला. रविवार, १५ जून २०२५ रोजीं दुपारीं नदी भरून वाहत असतां त्यावर पर्यटकांची दाटी झाली आणि पूल कोसळला. ४ माणसें मृत्यु पावलीं व पन्नासांहून अधिक जखमी झालीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. मोटार थांबविली म्हणजे पुलावरचा भार हलका झाला, असा सर्वत्र समज असतो. तो खोटा आहे. खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसांचा भार दर चौरस मीटरास ४०० ते ५०० किलोपर्यंत धरावा लागतो. दुचाकींच्या रांगेचा भारही इतका होत नाहीं. शिवाय जमाव एका कठड्याकडे सरकतो, आणि गंज जेथें प्रथम शिरतो त्या सांध्यांवरच ताण वाढतो. फलक पाहून परका मनुष्य थांबत नाहीं. गांवकऱ्यास तर थांबून चालतच नाहीं, कारण पलीकडे त्याचें शेत असतें.

म्हणून बंद पुलाचे मार्ग तीनच. पहिला जीर्णोद्धार: तपासणी करून, किती भार चालेल हें ठरवून तो पुन्हां कामास लावणें. दुसरा कार्यांतर. पुण्यांत बंड गार्डनजवळील फिट्झगेराल्ड पूल हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील दगडी पूल आहे. शेजारीं नवा पूल झाल्यावर त्यावरील वाहनें बंद झालीं व तो पायीं चालणाऱ्यांसाठीं राहिला. येथें आधीं दुसरी वाट झाली व मग जुनी बंद झाली, हा क्रम महत्त्वाचा होय. तिसरा मार्ग उत्सर्जनाचा: पूल उतरवून घेणें. ज्यास डागडुजीही परवडत नाहीं आणि राखणही ठेवतां येत नाहीं, त्यास उभा ठेवणें ही दया नव्हे.

चौथा मार्ग, म्हणजे कांहींच न ठरविणें, हाच सर्वांत महाग पडतो. महाडजवळ सावित्रीवरील इंग्रजी अमदानींतला कमानी पूल, शेजारीं दुसरा पूल असतांही, वाहतुकीस चालू होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महापुरांत तो वाहून गेला व त्याबरोबर एस. टी. च्या दोन गाड्या गेल्या. त्या जागीं नवा पूल जून २०१७ मध्यें, म्हणजे एका वर्षाच्या आंत, खुला झाला. काम इतक्या त्वरेनें होऊं शकतें. तें आधीं व्हावयास पाहिजे होतें, इतकेंच आमचें म्हणणें.

यांत इतिहासाभ्यासकांचें काय काम, असें कोणी विचारील. पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांनीं मुठेवर बांधविलेला लांकडी पूल केव्हांच गेला. त्या जागेस 'लकडी पूल' हें नांव मात्र राहिलें. गांवच्या पुलांचें नांवही मागें राहत नाहीं. तो कोणीं बांधला, पाया किती खोल घेतला, कोणत्या पुरांत पाणी कोठवर चढलें, डागडुजी केव्हां झाली, हीं टिपणें तपासनिसाच्या हातीं असतील, तर पुलाचें आयुष्य अजमावणें सोपें होतें. तीं बहुधा ग्रामपंचायतीच्या जुन्या दप्तरांत आणि वृद्धांच्या स्मरणांत असतात. आपापल्या गांवच्या एकेका पुलाचें असें टिपण वाचकांनीं पावसाळ्यापूर्वीं करावें, अशी आमची विनंती आहे.