जेथे गरज, तेथेच भार

नळदुर्गचा किल्ला, बोरी नदीवरील बंधारा आणि त्याच्या पोटातील पाणी महाल यांची माहिती देणारे संकेतस्थळ कोणी वर्डप्रेसवर उभारले, आणि छायाचित्रांच्या दालनासाठी त्यात प्लगइन जोडले, तर त्याच्या स्क्रिप्ट व शैलीपत्रके सरसकट प्रत्येक पानावर लादणे हा वाचकाच्या मोबाइलवर नाहक जुलूम होय. २००३ साली अवतरलेल्या या प्रणालीत त्याकरिता आज रीतसर बंदोबस्त आहे: ‘डब्ल्यूपी_रजिस्टर_स्क्रिप्ट’ने फाइलीची नोंद करावी, ती कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे हे तेथेच नमूद करावे, आणि दालन असलेल्या पानावरच ‘डब्ल्यूपी_एन्क्यू_स्क्रिप्ट’ने तिला पाचारण करावे, म्हणजे जेक्वेरीसारखी सामायिक लायब्ररी दोनदा येत नाही. तसेच प्लगइनमधील पुनरुक्त कोड एकाच फंक्शनमध्ये आणला, की पुढील दुरुस्तीही सुकर होते, आणि मंद इंटरनेटवरही इतिहास वाचकापुढे सत्वर प्रकट होतो.