भुताचा पत्ता

डब्लिन : शेतातल्या एखाद्या ढेकळावर पाय पडला की माणसाला स्वतःच्याच रानात वाट सापडेनाशी होते. फाटक तिथेच असते, पण हाती लागत नाही. रात्रभर कुंपणाच्या कडेने फेऱ्या मारायच्या. सुटायचे तर अंगातला कोट काढून उलटा घालायचा. आयर्लंडमध्ये याला ‘स्ट्रे सॉड’ म्हणतात. मराठी वाचक म्हणेल, हा तर चकवा! खरेच आहे. पण इथला चकवा कोणत्या गावचा, तो कोणी सांगितला आणि कोणी उतरवून घेतला, हे आजही वहीत वाचता येते. १९३५ मध्ये इथे सरकारी लोककथा आयोग स्थापन झाला आणि १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या ५०,०००हून अधिक मुलांनी घरातल्या-शेजारच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेले लिहून आणले. मुलांच्या वह्या आणि बांधलेले खंड मिळून जवळपास ७,४०,००० पाने भरली.

माझ्या मते या संग्रहाचे मोल त्या पत्त्यात आहे. गाव सुटले की भूतही कोणाचेच राहत नाही. आयरिश लोककथांतल्या बॅन्शीचेच पाहा. चित्रपटांनी तिला किंचाळणारी हडळ करून टाकले. जुन्या नोंदींतली बॅन्शी मात्र ठरावीक घराण्यांची असते, आणि त्या घरात कोणी जाणार असेल तेव्हा ती बाहेर रडते. वाटेत पडलेली तिची फणी उचलायची नाही. उचललीच, तर ती रात्री खिडकीशी येते. मग फणी चुलीच्या चिमट्यात धरून बाहेर द्यायची, हाताने नाही. चिमटा परत येतो तो पिळवटलेला. मृताभोवती बसून सूर धरून रडण्याची आयरिश बायकांची चाल चर्चच्या विरोधापुढे मावळली. बॅन्शीच्या गोष्टींत ती टिकली. ही बाई भीती घालायला येत नाही, त्या घराचे दुःख करायला येते. हे कळायला घराणे आणि गाव दोन्ही लागतात.

मास्तरांनी मुलांचे लिखाण सुधारले असेल, ही शंका रास्त आहे. म्हणूनच खंडांसोबत मुलांच्या मूळ वह्याही ठेवल्या, हे फार शहाणपणाचे झाले. मोठ्या शहरांतल्या शाळा बहुतांशी वगळल्या गेल्या, ती उणीव मात्र भरून येणारी नाही. सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे : अंधश्रद्धा कशाला जपायची? तो झटकून टाकता येत नाही. १८९५ मध्ये टिपररी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी या आजारी तरुणीला तिच्या नवऱ्याने जाळून मारले. खरी बायको परींनी पळवली आणि तिच्या जागी भलतीच ठेवली, असे तो म्हणत होता. सदोष मनुष्यवधाबद्दल त्याला २० वर्षांची सक्तमजुरी झाली. पण ही गोष्ट कागदावर उतरली म्हणून ते घडले नाही. ती लोकांच्या मनात होती म्हणून घडले. नोंद करणे म्हणजे मान्यता देणे नव्हे. आजारी माणूस ‘बदलला’ असे कशावरून ठरवत, त्याला कोणती मुळी पाजत, विस्तव कसा दाखवत, हे या नोंदींत उघड लिहिलेले आहे. खटल्याच्या कागदांतून त्या घरात काय झाले ते समजते. तिथे हजर असलेल्या नातेवाइकांनी ते होऊ का दिले, याचा माग या वह्यांत लागतो.