सरासरीत हरवलेली रेंज

१ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ‘फाइव्ह-जी’ सेवेचे उद्घाटन झाले. टू-जीपेक्षा फोर-जी श्रेष्ठ आणि फोर-जीपेक्षा फाइव्ह-जी श्रेष्ठ, ही चढती भाजणी आता आपल्या अंगवळणी पडली आहे. वेगापुरते ते खरेही आहे. परंतु मंठा किंवा जाफराबाद तालुक्यातील शिवारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा प्रश्न वेगाचा नाही. लहर त्याच्यापर्यंत पोचते की नाही, हा आहे.

या दोन गोष्टी बहुधा एकत्र नांदत नाहीत. जुन्या जीएसएम सेवेच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. फाइव्ह-जीचा मोठा भार ३३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यावर आहे. त्या लहरी माहिती पुष्कळ वाहतात, पण लवकर क्षीण होतात. साहजिकच तेवढ्याच क्षेत्राला मनोरे अधिक लागतात. (७०० मेगाहर्ट्झचा पट्टा याला अपवाद आहे.) दाट वस्तीच्या शहरात हा खर्च भरून निघतो. भोकरदनच्या उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगरांकडे विखुरलेल्या वस्त्यांत तो निघावा कसा?

ही केवळ गैरसोय असती तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाचे छायाचित्र घेण्याचे काम शेतकऱ्याकडे आले. स्थान ठरवायला उपग्रह पुरेसे आहेत. पण नोंद शासनापर्यंत जायची तर नेटवर्क हवेच, आणि तेही मुदतीत. सातबाऱ्यावरील याच नोंदीवर पुढे हमीभावाच्या खरेदीपासून नुकसानभरपाईपर्यंत बरेच काही अवलंबून असते.

आणि सेवेचा दर्जा मोजला जातो कसा? दूरसंचार परवान्यांच्या दृष्टीने मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच परिमंडळ आहे. पुणे आणि परतूर यांचा हिशेब एकाच खात्यात मांडला की परतूरची उणीव पुण्याच्या जमेत सहज बुडते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) २०२४ च्या नियमांनी याबाबत एक स्वागतार्ह पाऊल टाकले. एखाद्या जिल्ह्यात सेवा चोवीस तासांहून अधिक काळ खंडित राहिल्यास तेथील ग्राहकांना भाड्यात सूट किंवा मुदतवाढ देणे कंपन्यांवर बंधनकारक झाले. पण जेथे रेंज कधी आलीच नाही, तेथे खंडित काय होणार? या नियमाचा लाभ नेमका त्याच गावाला नाही, ज्याला तो सर्वाधिक हवा.

त्याच नियमांनुसार कंपन्यांनी आपल्या सेवाक्षेत्राचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करावयाचे आहेत. ते महसुली गावांच्या नावांनिशी छापून तहसील कार्यालयांच्या आणि ग्रामपंचायतींच्या फलकांवर लावण्याची सक्ती का नसावी? रंगवलेल्या भागात रेंज मिळत नसेल, तर ग्रामसभेने तसा ठराव करून तो ट्रायकडे धाडावा. संकेतस्थळावरचा नकाशा पाहायला तूर्त रेंजच लागते.